धम्मसहलीला निघताना : खिशातला छोटा कॅमेरा

वर्षावास संपला, कठीण चीवरदानाचे कार्यक्रम आटोपले, की आपल्या वस्त्यावस्त्यांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कुठल्या विहारातून बुद्धगया-सारनाथची बस ठरते, कुठे महिला मंडळ अजिंठा-वेरूळला जायचे म्हणते, कुठे दोन-तीन बिऱ्हाडे मिळून रविवारी कार्ल्याचा डोंगर चढून येतात. भिशीतले पैसे, बोनसमधले राखलेले पैसे, आजीने लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवलेले पैसे असे सगळे गोळा होऊन ही यात्रा घडते. पुन्हा कधी जाणे होईल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच परत आल्यावर हाती राहणारे फोटो नीट यावेत ही इच्छा प्रत्येकाची असते, आणि बहुतेक घरांत तेच नेमके बिघडलेले असतात. कोणाचे डोके कापलेले, कोणाचा चेहरा काळा पडलेला, तर कोणाच्या मागे स्तूप आहे की डोंगर हे ओळखू येत नाही. आज या सदरात आम्ही खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याविषयी चार कामाच्या गोष्टी सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, मग हा जुना कॅमेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. कॅमेऱ्यासाठी हप्ते भरा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. चांगला मोबाइल अंधारात कित्येकदा छोट्या कॅमेऱ्यापेक्षा उजवा फोटो देतो, हेही खरे आहे. परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला छोटा कॅमेरा अनेक घरांतल्या कपाटात आजही पडून आहे. तो बाहेर काढा. प्रवासात मोबाइलवर आधीच भार फार असतो. रेल्वेचे तिकीट त्यात, घरच्यांचे फोन त्यात, पैसे देणे त्यात. संध्याकाळी चार्ज संपला की माणूस परमुलखात अडकतो. कॅमेरा वेगळा असला तर ही ओढाताण होत नाही. शिवाय छोट्या कॅमेऱ्याला खरा झूम असतो आणि मनगटात अडकवायला दोरी असते.

आणखी एक कारण थेट बुद्धगयेचे आहे. ७ जुलै २०१३ रोजी महाबोधी महाविहाराच्या आवारात बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर मोबाइल आत नेण्यास बंदी झाली. दारावर मोबाइल जमा करावा लागतो. साधा कॅमेरा मात्र तिकीट काढून आत नेण्याची सोय तेथे असते. इतक्या दूर जाऊन बोधिवृक्षाखाली आईबापांचा एकही फोटो नाही, अशी हळहळ कितीतरी कुटुंबांनी बोलून दाखवली आहे. नियम बदलत असतात, म्हणून दारावर आधी विचारून घ्यावे. (आपल्याच महाविहारात आपल्याच कॅमेऱ्याचे तिकीट काढायचे, आणि तेथील समितीत १९४९ च्या कायद्याने बौद्ध चार, हिंदू चार आणि वर अध्यक्ष जिल्हाधिकारी! पण तो विषय कुटुंबाच्या पानाचा नाही.)

आता कपाटातला कॅमेरा हाती घ्या. निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, निदान पंधरा दिवस आधी. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी बहुधा दम सोडते. चार्ज पूर्ण दाखवते आणि दहा फोटोंत बंद पडते. बाजारात त्याच मापाची बॅटरी मिळते का पाहा आणि मिळाल्यास एक जादा घ्या. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर आपले नशीब चांगले, कारण तसले सेल कोणत्याही स्टेशनावर मिळतात. मात्र अगदी स्वस्त सेल घेऊ नयेत, ते अर्ध्या दिवसात संपतात.

दुसरी अडचण कार्डाची. दुकानदार हल्ली चौसष्ट जीबीचे कार्ड हातावर ठेवतो, ते जुना कॅमेरा ओळखतच नाही. फार जुने कॅमेरे दोन जीबीपर्यंतचेच साधे एसडी कार्ड घेतात. त्यानंतरचे एसडीएचसी म्हणजे बत्तीस जीबीपर्यंतचे घेतात. कार्डावर ही अक्षरे छापलेली असतात आणि कॅमेऱ्याच्या झाकणाजवळही असतात. ती जुळवून घ्या. आठ जीबीचे कार्ड असले तरी सहलीला पुरून उरते. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो सुमारे चार-पाच एमबी धरला तर दीड हजारांवर फोटो त्यात बसतात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन छोटी कार्डे बरी. एक हरवले तर दुसरे राहते.

मेगापिक्सेलवरून आठवले. मुलांमध्ये या आकड्याचा मोठा अभिमान असतो. तुझा बाराचा, माझा वीसचा! हिशेब साधा आहे. सहा बाय चार इंचांचा फोटो छापायला इंचाला तीनशे ठिपके धरले तर अठराशे गुणिले बाराशे, म्हणजे एकवीस लाख साठ हजार ठिपके पुरतात. म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा पुष्कळ झाले. भिंतीवर लावायच्या दहा बाय आठच्या फोटोलाही बहात्तर लाख, म्हणजे सात-साडेसात मेगापिक्सेल लागतात. तेव्हा तुमचा आठ-दहाचा जुना कॅमेरा लहान समजू नका. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो साडेतीन किलोहून जड होता, त्यात एक मेगापिक्सेलचा शंभरावा हिस्सा एवढेच ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. पुढे त्याच शोधाने फिल्मचा धंदा बसवला आणि २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

तारीख-वेळ लावायला विसरू नका. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की कॅमेऱ्यातले घड्याळ मागे जाते आणि तुमची आजची सहल दहा-पंधरा वर्षांपूर्वीची म्हणून नोंदली जाते. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापायची की नाही हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग आहे. आमच्या मते छापू नये, कारण ती नेमकी कोणाच्या तरी पायावर किंवा मुलाच्या तोंडावर येते. न छापताही फोटोच्या आत तारखेची नोंद राहतेच.

फोटो हलणे हा सर्वांत मोठा रोग आहे. त्यावर औषध दोन. पहिले म्हणजे कॅमेरा एका हाताने, दोन बोटांत चिमटीने धरू नये. दोन्ही हातांनी धरावा, कोपरे अंगाला टेकवावीत, जवळ खांब किंवा भिंत असेल तर पाठ लावावी. (लेण्यातली कोरीव किंवा रंगवलेली भिंत सोडून!) दुसरे म्हणजे बटण एकदम दाबू नये. ते अर्धे दाबायचे, पडद्यावर हिरवी चौकट आली की थांबायचे, मग श्वास रोखून पूर्ण दाबायचे. या अर्ध्या दाबण्यात कॅमेरा अंतर मोजतो. आपण घाईने खटकन दाबतो, मग माणूस धूसर आणि मागचे झाड स्वच्छ असे होते.

झूमचे दोन प्रकार आहेत. भिंग पुढे सरकते तो खरा झूम. त्याच्यापुढे जो झूम येतो तो नुसता चित्राचा तुकडा कापून मोठा करतो. तो कॅमेऱ्याच्या यादीत जाऊन बंदच करून टाकावा. खरा झूमसुद्धा अंधारात वापरू नये, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हे फार थोड्यांना ठाऊक असते. छोट्या कॅमेऱ्याचे भिंग झूम न करता जेवढा प्रकाश आत घेते, पूर्ण झूम केल्यावर त्याच्या चौथाई किंवा त्याहूनही कमी घेते. लेण्यात आधीच प्रकाश बेताचा, त्यात तो चौथाई झाला की फोटो हललाच म्हणून समजा. अशा वेळी झूम मागे घ्यावा आणि स्वतः दोन पावले पुढे जावे.

फ्लॅशविषयी तर कितीही सांगितले तरी थोडेच. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोहोचत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराशी उभे राहून फ्लॅश मारला तर पहिल्या दोन खांबांवर पांढरा डाग पडतो आणि पलीकडे काळोख राहतो. स्तूप दिसतच नाही. अजिंठ्यात फ्लॅशला बंदीच आहे आणि ती योग्य आहे. दीड हजार वर्षे ज्या रंगांनी तग धरला त्यांच्यावर रोज हजारो माणसांनी विजा पाडाव्यात काय? तेव्हा निघतानाच फ्लॅश बंद करून ठेवा. विजेच्या बाणाच्या खुणेवर फुली दिसली पाहिजे. नुसते ‘ऑटो’वर ठेवले तर अंधार दिसताच कॅमेरा स्वतःहून फ्लॅश मारतो, रखवालदार ओरडतो आणि चारचौघांत आपली मान खाली जाते.

उलट भर दुपारी उन्हात मात्र फ्लॅश वापरावा. आश्चर्य वाटेल, पण डोक्यावर ऊन असले की टोपीखाली, पदराखाली, बोधिवृक्षाच्या सावलीत चेहरा काळा पडतो आणि मागचे आकाश पांढरेफटक येते. अशा वेळी माणूस सात-आठ फुटांवर उभा करून फ्लॅश मारला की डोळे उजळतात.

आता आमच्या बायाबापड्यांच्या फोटोंतली एक खास अडचण. वंदनेला आपण शुभ्र वस्त्रे नेसतो. कॅमेऱ्याला पांढरे काय आणि काळे काय हे कळत नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम राखाडी असावे असे धरून तो प्रकाश मोजतो. त्यामुळे पन्नास पांढऱ्या साड्यांचा फोटो काढला की त्या मळकट राखाडी येतात, आणि आपले उन्हात रापलेले चेहरे तर पार काळवंडतात. दोष साडीचा नाही आणि रंगाचा तर मुळीच नाही. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याची एक खूण असते. ती दाबून अधिकच्या बाजूला दोन-तीन घरे सरकवा. साडी पांढरी येईल आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसतील. काळ्या पाषाणाच्या लेण्यात याच्या उलट होते. तेथे कॅमेरा काळ्याला राखाडी करू पाहतो आणि दाराबाहेरचा उजेड भगभगीत होतो. तेथे उणेच्या बाजूला एक-दोन घरे पुरतात.

याच जोडीला आणखी एक. कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्येही चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय असते. ती काय करते? कातडी गोरी करते, सुरकुत्या पुसते. ही सोय ताबडतोब बंद करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या आजीने वीटभट्टीवर आणि लोकांच्या शेतावर आयुष्य काढले, तिच्या चेहऱ्यावरच्या रेघा पुसून तिला गोरी करणारे यंत्र कोण? तिच्या नातवांना ती जशी होती तशीच दिसली पाहिजे.

माणूस आणि वास्तू एका फोटोत कशी घ्यावी, हा प्रश्न सर्वत्र पडतो. सारनाथचा धम्मेक स्तूप जवळजवळ चव्वेचाळीस मीटर उंच आहे. आपण काय करतो, सगळ्यांना स्तूपाच्या पायथ्याशी नेऊन उभे करतो आणि स्वतः स्तूप मावेपर्यंत मागे मागे जातो. परिणामी स्तूप येतो आणि माणसे मुंग्यांएवढी होतात. घरी आल्यावर ‘यात मी कुठे?’ म्हणून बोट फिरवत बसावे लागते. याच्या उलट करावे. आधी स्तूप मावेल इतके सगळेच मागे यावे. मग माणसांना आपल्यापासून सहा-सात फुटांवर थोडे एका बाजूला उभे करावे आणि त्यांना कमरेपासून वर घ्यावे. मागे अख्खा स्तूप येतो, पुढे चेहरे ओळखू येतात. बुद्धगयेचा पंचावन्न मीटरचा महाविहारही असाच घ्यावा. महाविहाराचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळचे ऊन समोरून पडते. बोधिवृक्ष मागे, पश्चिमेला आहे. तेव्हा सकाळी आधी समोरचे फोटो उरकून मग प्रदक्षिणेने वृक्षाकडे जावे.

वेरूळचे उलट आहे. तेथील लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतरचा उजेड आतवर पोहोचतो. बौद्ध लेणी क्रमांक एक ते बारा. त्यांतले दहावे चैत्यगृह, ज्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, दुपारी तीन-चारच्या सुमारास पाहावे. छताच्या दगडी फासळ्या आणि बसलेली बुद्धमूर्ती तेव्हा फ्लॅशशिवायही येते. एक लक्षात ठेवा. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. बस भरून नेऊन कुलूप पाहायची पाळी पुष्कळ मंडळांवर आली आहे.

अजिंठ्याला पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहायला गर्दी लोटते. मंद दिवे, मागून ढकलणारी माणसे आणि फ्लॅश बंद. अशा वेळी कॅमेऱ्यातला आयएसओ नावाचा आकडा आठशेवर न्यावा. आकडा वाढला की कॅमेरा कमी उजेडात काम करतो, पण फोटोवर वाळू पसरल्यासारखे दाणे येतात. सोळाशेच्या वर गेल्यास छोट्या कॅमेऱ्यात रंग विटतात, म्हणून त्यापुढे जाऊ नये. मग दोन सेकंदांचा टायमर लावून कॅमेरा छातीशी घट्ट धरावा. टायमरमुळे बोटाच्या दाबाचा धक्का बसत नाही. चित्रासमोर अगदी सरळ उभे राहिलात तर दिव्याची चमक दिसते, जरा तिरके उभे राहा. या चित्रांवर १९२० नंतरच्या वर्षांत इटालियन कारागिरांनी शेलॅकचा थर दिला होता. पुढे तो पिवळा पडला आणि चकाकीही त्यानेच वाढली. एवढे करूनही फोटो आला नाही तर खुशाल कॅमेरा खिशात घालावा आणि डोळे भरून पाहून घ्यावे. छापील चित्रे पुष्कळ मिळतात. आपण तेथे उभे होतो, ते मात्र विकत मिळत नाही.

सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे आणि ती डाव्या बाजूच्या अरुंद पाखीत, खांबांच्या आड आहे. ती एका फोटोत मावत नाही. मुखाचा एक, हाताचा एक, खाली शोक करणाऱ्या शिष्यांचा एक, आणि पायांच्या टोकाकडून लांबवर पाहणारा एक असे चार फोटो काढावेत. तो शेवटचाच बहुधा उत्तम येतो. कुशीनगरची मूर्तीही सहा मीटरहून लांब आहे. तेथे अंगावर चीवर पांघरलेले असते. पायाकडून, मधून आणि मुखाजवळून पाहिले की मुखावरचा भाव वेगळा वेगळा दिसतो असे तेथे सांगतात. तेव्हा तिन्ही जागांवरून एकेक फोटो घ्यावा. लुंबिनीला मायादेवी विहाराच्या आत फोटो काढू देत नाहीत. बाहेरचा अशोकस्तंभ आणि पुष्करिणी घेता येते.

कार्ल्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मुंबई-पुण्याच्या कामगार वस्तीतून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ती जागा आहे. चैत्यगृहाची भव्य कमान सर्वजण टिपतात. दारातल्या भिंतींवरचे आणि खांबांवरचे लेख मात्र कोणी टिपत नाही. ते ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले, असे एक लेख सांगतो. पण श्रेष्ठींचीच नावे तेथे आहेत असे नाही. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या एका सुताराने दाराचे काम केले, त्याचे नाव त्याच्या बापाच्या नावासह तेथे कोरलेले आहे. सुताराचे नाव दोन हजार वर्षे दगडावर! आपल्या कारखान्यांतून आणि गिरण्यांतून ज्यांनी आयुष्य झिजवले त्यांची नावे कोणत्या दारावर आहेत? हे लेख मुलांना दाखवा आणि त्यांचा फोटो मुलांकडूनच काढवून घ्या. अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही जण त्यांत खडू भरतात, पाणी मारतात. तसे कदापि करू नये. ऊन तिरपे येईपर्यंत थांबावे, कारण तिरप्या उन्हात खाचेची सावली पडते आणि अक्षर आपोआप वाचता येते.

रीतभात सांगायला नको, तरी सांगतो. मूर्तीच्या मांडीवर, स्तूपाच्या वेदिकेवर चढून फोटो काढू नये. भन्तेजींचा फोटो काढण्याआधी हात जोडून विचारावे, आणि ते ध्यानात असतील तर मुळीच काढू नये. वंदना, त्रिसरण-पंचशील चालू असताना एकानेच एका जागी उभे राहून चार फोटो घ्यावेत. दहा जणांनी पुढे घुसून वंदनेचा खेळखंडोबा करू नये. परक्या बायामुलींचे, भिकाऱ्यांचे, शेतात राबणाऱ्यांचे फोटो चोरून काढणे ही आपली संस्कृती नव्हे. आपल्याही वस्त्यांत येऊन लोक असेच फोटो काढून गेले आहेत, ते आपल्याला कसे वाटले हे आठवावे.

कॅमेरा फक्त घरातल्या मोठ्या मुलाच्या हाती राहतो, असे आम्ही पाहतो. ताईने मागितला तर ‘पडेल’ म्हणून देत नाहीत. तिच्या हातून पडतो आणि दादाच्या हातून पडत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? सकाळी एकाने, दुपारी दुसऱ्याने, असा तो फिरता ठेवावा. सासूबाईंच्याही हाती द्यावा. त्या कशाचा फोटो काढतात ते पाहा, तुम्हांला नवल वाटेल. जो कॅमेरा धरतो तो फोटोबाहेर राहतो, म्हणून दिवसातून एकदा कट्ट्यावर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर कॅमेरा ठेवावा, दहा सेकंदांचा टायमर लावावा आणि सर्वांनी एकत्र यावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणार असाल तर मात्र दोरी मनगटातून काढू नये. तेथल्या रांगेतले फोटो जरूर काढावेत. परगावाहून आलेली माणसे, पुस्तकांचे स्टॉल, रात्री मैदानात झोपलेली कुटुंबे, हे सर्व पुढे इतिहास म्हणून लागणार आहे.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात किती माणसे होती! त्यांतली आपल्या घरची कोण होती, हे फोटोवरून सांगता येईल अशी किती घरे आहेत? पुष्कळ घरांत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, पण पणजोबांचा नाही. असलाच तर गिरणीच्या पासवरचा, चिकटवून कोपरा फाटलेला. त्या पिढीकडे कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. आपल्याकडे आहे, तरी आपण फोटो मोबाइलमध्ये ठेवतो आणि मोबाइल बिघडला की सर्व जाते.

अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. मेजर रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून तेथे राहून वर्षानुवर्षे चित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा नकला करू लागले. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिलने पुढे कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटो काढले होते. ते १८६४ साली पुस्तकात छापले गेले, त्याच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या आणि म्हणून टिकल्या. एकाच जागी ठेवलेले जळून जाते, चार जागी गेलेले उरते.

तेव्हा परत आल्यावर पहिल्याच रविवारी बसावे. कार्डावरचे फोटो आधी उतरवून घ्यावेत, मगच कार्ड पुसावे. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड काढू नये, सगळे फोटो जाऊ शकतात. एक प्रत घरच्या पेनड्राइव्हवर, एक गावी भावाकडे किंवा लेकीच्या सासरी. पाचशे फोटोंतले तीस निवडावेत आणि ते छापून घ्यावेत. तीस छापायला फार पैसे लागत नाहीत आणि अल्बम लाइटबिलाची वाट पाहत नाही. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, डावीकडून उजवीकडे सर्वांची पूर्ण नावे, नाते, गाव, ठिकाण आणि साल लिहावे. ‘आई’ असे लिहू नये, आईचे नाव लिहावे. पन्नास वर्षांनी ती कोणाची आई हे कोणाला कळणार? आजी-आजोबा हयात आहेत तोवर जुन्या फोटोंतली नावेही त्यांनाच विचारून त्याच बैठकीत लिहून घ्यावीत.

कॅमेरा परत कपाटात ठेवताना बॅटरी काढून ठेवा. पावसाळ्यात दमटपणाने भिंगावर बुरशी चढते, म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येते तसली सिलिकाची पुडी घालून ठेवावा. ज्या घरी कॅमेरा नाही त्यांनी शेजाऱ्याकडे मागावा. विहार समितीने सर्वांसाठी एक घेऊन ठेवला आणि वहीत नोंद करून सहलीला दिला तर तेही उत्तम. काही विहारांत तबला-पेटी अशीच देतात-घेतात. पुढील अंकी याच सदरात लांबच्या प्रवासात न आंबणाऱ्या शिदोरीविषयी.